अर्ध्यावर राहिलेली म्हातारी

हनुमंतराव रोज दुपारी चार वाजता इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कमरेला पट्टा आवळून, खिशाला पेन लावून स्वतःच्याच घरात मालिका बघायला बसायचे. एरवी दिवसभर ते बनियन आणि वेष्टीवर असत. वेष्टी म्हणजे इकडची पांढरी लुंगी. पहिल्यांदा त्यांना त्या थाटात पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाला निघालेत.

"कुठे निघालात?" मी दारातूनच विचारलं.

"कोठें नाहीं. मालिका आहे."

"मग हा शर्ट?"

"चार बायका असतात तींत. घरंदाज आहेत. त्यांच्यासमोर बनियनवर बैसूं?"

मी नकळत माझ्या शर्टाचं बटण लावलं.

चेन्नईत, पश्चिम मांबलममधल्या एका तीन मजली जुन्या इमारतीत आम्ही दोघं समोरासमोर राहतो. मी मूळचा सांगलीचा. श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात, तपासणी विभागात. पहाटेची पाळी आटोपली की कंपनीची बस मला पावणेचारला नाक्यावर सोडते. मी जिना चढून कुलपात किल्ली घालतो त्याच वेळी समोरच्या उघड्या दारातून हनुमंतराव रिमोटवरची धूळ रुमालानं पुसताना दिसायचे. शेजार असा जुळला. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, बसच्या वेळेचं आहे.

त्यांचं पूर्ण नाव टी. एस. हनुमंतराव. टी म्हणजे तंजावर, एस म्हणजे वडील सेतुमाधवराव. चौतीस वर्षं सरकारी खात्यात काढून ते सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले. खातं कसलं, असं मी एकदा विचारलं. ते बराच वेळ आठवत बसले. मग म्हणाले, "टपाल येत होतें. आम्ही पुढें पाठवीत होतों."

पहिल्या भेटीत मी त्यांना काका म्हणालो, तर ते दचकून खिडकीकडे बघायला लागले. तमिळमध्ये काक्का म्हणजे कावळा. "मामा म्हण," ते म्हणाले. "कावळ्यास आम्ही जेवूं घालतों, त्याचें नाव घेत नाहीं." तेव्हापासून ते मामा.

मामांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे 'देश'. आणि त्या देशाचा चेन्नईतला वकील म्हणजे मी. कांदा महागला तरी ते माझ्याकडे येत, आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यानं आणलेली बाकरवडी खवट निघाली तरी माझ्याकडेच. "तुमच्या देशाची माणसें," अशी सुरुवात झाली की मी मूग गिळून बसायचो. एकदा मी म्हणालो, "मामा, आपण दोघं मराठीच की!" त्यांनी मला नीट न्याहाळलं. "आम्ही राजाबरोबर आलों," ते म्हणाले. "तूं कंपनीच्या बसनें आलास."

त्यांची मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आली आणि इथेच स्थायिक झाली. 'सगळं'ला ते 'अस्कें' म्हणत, 'छान'ला 'बेस', 'साफ'ला 'वट्ट', आणि मधूनमधून तमिळ 'सेरी', म्हणजे बरं. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत वाईट नव्हतं. "शुद्ध आहे," ते म्हणत. "फक्त घाईंत आहे."

आणखी एक तऱ्हा सांगायला हवी. आमच्या इमारतीत राहुकाळाला फार मान. रोजच्या त्या दीड तासाच्या अशुभ वेळेत कुणी गॅसचं सिलिंडर आत घेत नाही की नवं पातेलं चुलीवर चढवत नाही. तळमजल्यावरच्या बाई तर राहुकाळात आलेल्या पाहुण्यांना जिन्यातच गप्पांत गुंतवून ठेवतात. मामा मात्र मुद्दाम राहुकाळ बघून कामं काढायचे. नवा बल्ब लावणं, नवी चप्पल पायात घालणं, पोस्टात जाणं, सगळं राहुकाळात. मला वाटलं, माणूस सुधारक आहे. तसं म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. "एकदा मान दिला राहुकाळास," ते म्हणाले. "बस जाहलें." आणि चप्पल पायात सरकवून जिना उतरले.

मामी जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा सिंगापूरला. त्यानंच एका सुट्टीत येऊन भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि त्यात मालिका दाखवणारं एक ॲप घालून दिलं. त्या ॲपवर मामांना 'तीन सुना, एक ओटा' ही मालिका सापडली. वाहिनीवर ती केव्हाच संपली होती, पण ॲपवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे भाग ओळीनं होते. दुसरा कुणी असता तर त्यानं दोन-तीन महिन्यांत फडशा पाडला असता. मामा रोज एक भाग बघायचे. एकच. फार रंगात आला असला तरी दुसरा नाही. "उद्यांचें टपाल आज फोडीत नाहीं," ते म्हणायचे.

मालिका नावासारखीच होती. एक म्हातारी आई, तिचे तीन मुलगे, तीन सुना आणि नागपूरला दिलेली एक लेक. मधली सून कारस्थानी. मामा तिच्याकडे हाताखालच्या कारकुनाकडे बघावं तसे बघत. तिनं आमटीत मुद्दाम मीठ जास्त घातलं की ते रिमोटनं चित्र थांबवत आणि हुकूम सोडत, "हिची बदली करा. रामनाथपुरम." त्यांच्या खात्यात म्हणे यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती. मोठ्या मुलावर मात्र त्यांचा जीव. तो अडचणीत आला की ते शर्टाचं वरचं बटण काढायचे.

भाग संपला की चार पंचवीसला ते तंजावरला फोन लावत. डाव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर. त्यामुळे अख्ख्या मजल्याला कळायचं. पलीकडे त्यांची थोरली बहीण, रुक्माबाई. वय एक्याऐंशी. मामा तिला अक्का म्हणत.

"पाहिलेंस?"

"पाहिलें."

"मधली?"

"मेलीचें नाक कापावें."

"मोठा मुलगा फार सोसतो, अक्का."

"सोसूं दे. मोठ्यांनीं सोसायचेंच."

दहा मिनिटं हे असं. मग अक्का म्हणायची, "ठेवतें." संपलं. तब्येत कशी, गुडघा काय म्हणतो, पाऊस आहे का, एक अक्षर नाही. एकदा तंजावरला वीज गेली होती. तेव्हाचं संभाषण मी घड्याळ लावून ऐकलं नाही, पण अर्ध्या मिनिटाच्या वर गेलं नसेल. "वीज नाहीं. पाहिलें नाहीं." "सेरी." "सेरी." एवढंच. माझ्या आईला मी रोज फोन करतो आणि तिच्या शेजारणीच्या सुनेच्या डोहाळ्यांपर्यंत सगळं ऐकून घेतो. मला हे बहीण-भावाचं बोलणं फार कोरडं वाटायचं. मोठी माणसं अशीही असतात, म्हणून सोडून दिलं.

आणि एका सोमवारी मामा माझ्या दारात उभे राहिले. शर्ट, पट्टा, पेन, सगळं जागच्या जागी. चेहरा तेवढा जागेवर नव्हता.

"घर नाहींसें जाहलें," ते म्हणाले.

मी घाबरून त्यांच्या मागोमाग गेलो. घर होतं. टीव्हीवर एक काळी पाटी होती: ही मालिका सध्या उपलब्ध नाही. मी ॲप बंद करून चालू केलं, टीव्ही बंद करून चालू केला, वायर काढून पुन्हा लावली. आम्ही कारखान्यातली माणसं याला निदान म्हणतो. उपयोग झाला नाही. मग मी त्यांना समजावलं, की ॲपवाल्यांचा मालिकेवाल्यांशी दाखवण्याचा करार असतो, त्याची मुदत असते, ती संपली की मालिका निघून जाते.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"करार त्यांचा संपला," ते म्हणाले. "म्हातारी पलंगावर आहे. तिला कोणीं विचारलें?"

आदल्या भागात काय झालं होतं ते मला ठाऊक होतं, कारण मजल्यावर सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हातारीला झटका आला होता. डॉक्टर खोलीतून बाहेर आले, त्यांनी सावकाश चष्मा काढला आणि काहीच बोलले नाहीत. लेक नागपूरहून बसनं निघालेली, वाटेत. एक चुलते मोठ्या मुलाच्या कानाशी लागून म्हणाले, "काय करायचं? थांबायचं, की...?" मग मोठ्या मुलाचा चेहरा तीन वेळा दाखवला, तिन्ही वेळा ढगांच्या गडगडाटासह, आणि भाग संपला.

"पुढें काय जाहलें तें मज पाहिजे," मामा म्हणाले. "तुमच्या देशांत केलेली मालिका आहे. अर्ध्यावर टाकतात का तुमची माणसें?"

आता हे प्रकरण माझ्या अंगावर आलं. मी ॲपवरच्या मदत कक्षात शिरलो. तिथे माणूस नसतो, यंत्र असतं. त्याचं नाव होतं तारा. मामा सांगतील ते मी टंकत होतो. त्यांनी आधी ताराचा हुद्दा विचारला. तारानं कळवलं की ती एक आभासी मदतनीस आहे. मामांनी तिच्या वरिष्ठांचं नाव विचारलं. तारानं कळवलं की मामांचा आनंद हाच तिचा आनंद आहे, आणि त्यांना आवडतील अशा तीन गोष्टी तिनं काढून ठेवल्या आहेत. पहिली एका मगरीबद्दल होती.

"म्हातारी विचारली," मामा म्हणाले. "मगर कशास?"

हे मी टंकलं. तारानं आणखी एक मगर दाखवली.

"सेरी," मामा म्हणाले. "बाई कामाची नाहीं. लेखी जाऊं."

लेखी म्हणजे रजिस्टर्ड टपाल, पोचपावतीसह. ॲपच्या कंपनीचा मुंबईचा पत्ता मी शोधून दिला. मामांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. त्यातली पहिली ओळ मला पाठ आहे. "विषय: एका वृद्ध स्त्रीस अत्यवस्थ स्थितींत वाऱ्यावर सोडल्याबाबत." खाली तीन परिच्छेद, त्यातला दुसरा फक्त मोठ्या मुलाच्या मनःस्थितीबद्दल. शेवटी "योग्य त्या कार्यवाहीसाठीं सविनय सादर". मी हसू दाबून टाइप करत होतो, आणि ते दाबलं जातंय असा माझा समज होता. मामा दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, राहुकाळ सुरू झाल्यावर पोस्टात गेले आणि टाकून आले.

आठवड्यानं पोचपावती परतली. सही वाचता येत नव्हती. "मोठा अधिकारी असणार," मामा म्हणाले, आणि ती फायलीला लावली. पाठोपाठ एक ईमेलही आली, की आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. ती त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, "मसुदा बेस आहे. उत्तर नाहीं."

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट माझ्या जरा उशिरा लक्षात आली. तंजावरचा फोन बंद झाला होता. चार वाजता मामा शर्ट घालून बसत होतेच, काळ्या पाटीसमोर. चार पंचवीस व्हायचे, हात फोनकडे जायचा आणि परत मांडीवर यायचा.

"अक्कांना फोन नाही केला?" मी विचारलं.

"तिच्याकडेहि तें नाहींसें जाहलें असणार."

"मग काय झालं? सहज करा."

"सहज?" मी त्यांना रस्त्यात वेष्टी सोडायला सांगितली असावी तसे ते माझ्याकडे बघत राहिले. "सहज काय बोलूं?"

"मग त्या तरी करतीलच."

"ती करीत नाहीं," मामा म्हणाले. "मीच करायचा. चूक माझी."

कसली चूक, ते त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. दोन दिवसांनी मी कामावरून आलो, तेव्हा दार उघडं होतं आणि त्यांनी हातानंच मला बोलावलं. समोर डबऱ्यात, म्हणजे इकडच्या पसरट पितळी वाटीत, कॉफी होती, तिच्यावर साय धरली होती. ते माझ्याकडे न बघता, काळ्या पाटीकडे बघत बोलले.

तेवीस वर्षांपूर्वी त्यांची आई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तंजावरहून इथे, याच घरात, येऊन राहिली होती. ऑपरेशन नीट झालं. आठ दिवसांनी एका मंगळवारी सकाळी सहाला ती झोपेतच गेली. मामांनी अक्काला फोन केला. अक्का म्हणाली, "निघतें. थांबा." दीडपर्यंत यायला हवी होती. दोन वाजले तरी आली नाही. तेव्हा हातात मोबाइल नव्हते. घरात नातेवाईक जमलेले, भटजी बसलेले. मंगळवारचा राहुकाळ तीन ते साडेचार. तीनच्या आत न्यायला हवं, असं जो तो म्हणायला लागला. एक जण सारखं स्वतःचं घड्याळ मामांपुढे करत होता.

"दोन पन्नासला मी म्हटलें, उचला," मामा म्हणाले. "शेवटचें पाहणें अक्काचें. तिचा हक्क. मज ठाऊक होतें. तरी म्हटलें."

तीन वाजून वीस मिनिटांनी अक्का रिक्षातून उतरली. पुरुष सगळे गेले होते. बायकांनी रिवाजाप्रमाणे घर धुवून काढलं होतं. आई जिथे ठेवली होती तिथली जमीन ओली होती. अक्का पिशवी हातात धरून त्या ओल्या जमिनीवर उभी राहिली. मामा परत आले तेव्हा ती तिथेच होती. तिनं एक शब्द विचारला नाही. तेराव्यापर्यंत राहिली, सगळं केलं आणि तंजावरला गेली. त्यानंतर वीस वर्षं दोघांत बोलणं नाही. पत्र नाही. एकमेकांच्या घरी कार्य असलं तर पोरांना पाठवायचं. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं, पण भांडायलाही कुणी तोंड उघडलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी कुंभकोणमला एका भाच्याच्या लग्नात त्या दोघांच्या खुर्च्या शेजारी आल्या. तासभर दोघंही समोर बघत बसली. मागच्या रांगेतल्या बायका 'तीन सुना, एक ओटा'बद्दल बोलत होत्या. अक्का एकदम हवेत बघून म्हणाली, "मधली बरी नव्हे." मामाही हवेत बघून म्हणाले, "बदली केली पाहिजे." दोघंही तीच मालिका बघत होती आणि योगायोगानं आठ-दहा भागांच्या अंतरानं. मामांनी थांबून बहिणीला गाठू दिलं, आणि मग पहिला फोन केला. आईचा विषय कधीच निघाला नाही. त्याबाबतीत अळीमिळी गुपचिळी.

"आतां ही म्हातारी पलंगावर आली," मामा म्हणाले. "लेक वाटेंत आहे. मुलगा दारांत उभा आहे. पाहतां पाहतां मज कळलें, हें तर आमचेंच. दुसरे दिवशीं तो म्हणणार, उचला. आणि मी फोनवर म्हणणार होतों, 'अक्का, या मुलानें थांबायास हवें होतें.' एवढेंच. मालिकेवरून. तिला कळलें असतें."

"आणि तो थांबला असता तर?"

"तर म्हणणार होतों, 'शहाणा आहे. अस्केच असे नसतात.'" त्यांनी कॉफीवरची साय बोटानं बाजूला केली. "दोन्ही वाक्यें तयार होतीं. तीन वर्षें वाट पाहिली, आणि यांचा करार संपला."

मला माझी लाज वाटली. ते पत्र टाइप करताना मी हसलो होतो, आणि मामांनी ते पाहिलं होतं, आता मला खात्री आहे. मी खिशातून फोन काढला. जे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. मालिकांच्या चाहत्यांची पानं असतात, तिथे प्रत्येक भागाची गोष्ट कुणी ना कुणी लिहून ठेवलेली असते. पाच मिनिटांत सापडली. मी ती मनात वाचली. मग पुन्हा वाचली.

"काय आहे?" मामांनी विचारलं.

सांगावं की नाही, मला कळेना. पण त्यांच्याशी खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"मामा, म्हातारी बरी झाली."

"काय?"

"डॉक्टरांनी चष्मा पुसायला काढला होता. ते म्हणाले, धोका टळला. म्हातारी उठून बसली, तिनं चहा मागितला. लेक वेळेवर पोचली. सगळे हसताहेत, असं लिहिलंय."

मामांनी डबरा बाजूला सारला. वर पंखा फिरत होता.

"चहा मागितला?"

"आल्याचा."

"चौतीस वर्षें नोकरी केली," मामा म्हणाले. "एवढी बेजबाबदार फाइल पाहिली नाहीं."

मला वाटलं, संपलं. आता ते शर्ट काढतील आणि उद्यापासून चार वाजता झोपतील. पण त्यांनी फोन उचलला, डोळ्यांजवळ नेऊन नंबर लावला आणि सवयीनं स्पीकर चालू करून टीपॉयवर ठेवला. मी उठायला लागलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. धरूनच ठेवलं.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"अक्का, मी."

"ठाऊक आहे."

मागे कुकरची शिट्टी झाली. ती विरेपर्यंत दोघंही थांबली.

"ती मालिका," मामा म्हणाले. "माझ्याकडे लागली आहे. पुढचा भाग पाहिला."

"सेरी. काय जाहलें?"

"म्हातारी गेली." त्यांचा आवाज कचेरीतला होता, टिपण वाचून दाखवल्यासारखा. "लेक वाटेंत होती. मुलानें थांबायास हवें होतें. थांबला नाहीं. लोक घड्याळ दाखवीत होते, तो ऐकत बसला. अर्धा तास, अक्का. अर्ध्या तासानें काय बिघडणार होतें? आई तर गेलीच होती. बहिणीस पाहूं द्यायचें होतें. फार वाईट केलें त्यानें. वट्ट चुकला." शेवटी शेवटी तो कचेरीतला आवाज टिकला नाही.

मला वाटलं लाइन तुटली. मी वाकून बघितलं, सेकंद पुढे सरकत होते.

"हनुमंता," अक्का म्हणाली, "म्हातारी उठून बसली. चहा प्याली. आमच्या सुनेनें वाचून दाखविलें मज, आठ दिवस जाहले."

मामांनी माझ्याकडे बघितलं. पकडला गेलेला चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या मनगटावरची त्यांची पकड सैल झाली. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

"आणि त्या दिवशीं," अक्का म्हणाली, "माझी गाडीच फार रखडली रे. तूं तरी किती थांबणार होतास?"

मामांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. अक्कानं फोन ठेवला नाही.